बाभळीची पाचर

आमच्या फॉर्ममधला सव्विसावा प्रश्न मला इतका पाठ झाला होता, की झोपेतून उठवून विचारला असता तरी घडाघडा म्हणून दाखवला असता. "गेल्या तीन वर्षांत तुमच्या कारखान्यात काम करण्याची कोणती नवीन पद्धत सुरू झाली?" उत्तरही पाठ झालं होतं. नाय. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतली शेडंच्या शेडं मी पालथी घातली, कुठंही विचारा, नाय. एका मालकानं तर डोकं खाजवून लई विचार केला आणि म्हणाला, "ताई, पंखा नवीन बसवलाय. चालंल का?"

तेव्हा मी एका संशोधन प्रकल्पावर कामाला होते. एकाच गल्लीत दोन शेडं असतात, मशीन सारखंच, माणसं तितकीच, लाइट जाते तीही दोघांची एकाच वेळी. तरी एकातून भराभर माल बाहेर पडतो आणि दुसरं रडतखडत चालतं. असं का होतं, हे शोधायचं होतं. प्रकल्पाच्या मॅडम पुण्यात बसायच्या. अर्थशास्त्रातली मोठी बाई, पण बोलायला साधी. आणि मी कन्नडकडच्या शेतकऱ्याची लेक, एम. ए. करून शहरात, गुलमंडीच्या बाजारामागं भाड्याच्या खोलीत राहणारी, खांद्याला फॉर्मची पिशवी अडकवून दारोदार हिंडणारी. आई म्हणायची, "तू लोकांना प्रश्न विचारायचं काम करतीस? तुझ्या तर नाकावर माशी बसत नाय!" खरंच होतं ते. एखादा मालक मोबाईल बघत बघत उत्तरं द्यायला लागला, की मी पेन बंद करून बसायचे. तो वर बघेपर्यंत पुढचा प्रश्न नाही.

एक कबुली इथंच देऊन टाकते. ऑफिसनं दिवसाला तीन फॉर्म ठरवून दिले होते. सुरुवातीला माझा जीव जायचा. मग मला एक युक्ती सापडली. आदल्या दिवशी फोनवरच साधी माहिती विचारून ठेवायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी अवघडच प्रश्न उरतात. माझे तीन फॉर्म दुपारी एकलाच व्हायला लागले. मी हे ऑफिसला सांगितलं का? छ्या! सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून पाच ठरले असते. मी आपली वाळूजच्या एका टपरीवर चार वाजेपर्यंत बसून राहायचे. टपरीवाले चाचा हसायचे, "क्या मॅडम, आज भी चार बजे तक?" त्यात मला काडीचंही चुकीचं वाटत नव्हतं.

त्याच गल्लीत, टपरीच्या समोर, ज्याची ही गोष्ट ते शेड होतं. दुचाकीला लागणारे छोटे लोखंडी ब्रॅकेट तिथं बनायचे आणि एका मोठ्या कंपनीला जायचे. शेडचे मालक, त्यांना सगळे शेठ म्हणायचे, पण शेठसारखं अंगात काही नव्हतं. तरुणपणी कंपनीत लेथवर काम करणारे टर्नर होते, मग एक जुनं लेथ घेऊन धंदा सुरू केला. अजूनही हाताला काळं ऑइल. मी कन्नडची म्हटल्यावर एकदम खुलले. "आमच्याच तालुक्याची लेक! ए, हिला बिनसाखरेचा नको, आपला गोड चहा आणा." पण सव्विसावा प्रश्न आला आणि गडी एकदम कोरडा झाला. "नवीन? नाय बा. जसं पहिल्यापासून चालतं तसंच."

प्रत्येक दहा शेडांमागं एका शेडात मला दिवसभर नुसतं बसून काम बघायचं असायचं. मी हे शेड निवडलं. खरं कारण चहा.

मागच्या कोपऱ्यात दोन ड्रिल मशीनवर दोन बायका बसायच्या. दोघी सख्ख्या जावा, लासूर स्टेशनजवळच्या. मेंढरं राखणारं घर, आता मेंढरं थोडीच उरलेली, म्हणून दोघी रोज जीपनं वाळूजला यायच्या. धाकटी पन्नाशीची, काटक, तिला मी मावशी म्हणायचे. थोरली साठीला टेकलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पोटी लेकरू नाही. तिला सगळेच जाऊबाई म्हणायचे. जाऊबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं होतं आणि दुसऱ्यानंही अंधुक दिसायचं. त्यांच्याबद्दल शेठ सकाळीच मला हळू आवाजात म्हणाले होते, "त्यांना खरं तर घरी बसवायला पाहिजे. नजर नाय राहिली. पण काय करू, रोजचे नग बरोबर भरतात, मग कोणत्या तोंडानं नको म्हणू? ज्या दिवशी कमी भरतील, त्या दिवशी बघू."

काम असं होतं. लोखंडी साच्यात ब्रॅकेट ठेवायचा, साच्यावरची खूण बघून तो सरळ करायचा, पेच आवळायचा, दांडा खाली ओढून भोक पाडायचं, पेच सोडायचा, नग बाहेर काढायचा. मग भोकाच्या कडेला जी धारदार किनार उरते, तिला बर म्हणतात, ती कानशीनं घासून टाकायची. पाळीत ठरलेले नग झाले पाहिजेत. जाऊबाई साच्यावर इतक्या वाकायच्या, की नाक ड्रिलला लागतं की काय असं मला वाटायचं. एकेक नग म्हणजे देवाला साकडं.

आणि शेजारी मावशी. तिचा हात बघत मी अर्धा तास बसले, तेव्हा कुठं ध्यानात आलं. बाई पेच आवळतच नव्हती! खूणही बघत नव्हती. डाव्या मुठीत काहीतरी धरलेलं, ते साच्यात सरकवायचं, ब्रॅकेट आत दाबायचा, दांडा ओढायचा, झालं. जाऊबाईंचा एक नग होईपर्यंत हिचे दोन. कोणी जवळनं गेलं, की मूठ बंद आणि हात एकदम सुस्त, जसं काही उन्हातून चालून आलीये.

अकराच्या चहाला जाऊबाई उठून नळावर गेल्या. मावशीनं इकडंतिकडं बघितलं, पदरात पसाभर तयार नग घेतले आणि जाऊबाईंच्या क्रेटमध्ये अलगद ठेवले. आवाजसुद्धा नाही.

तीन महिने "नाय, नाय" ऐकून कान किटले होते आणि इथं माझ्या डोळ्यांसमोर सव्विसाव्या प्रश्नाचं उत्तर बसलं होतं, तेही नऊवारीत.

दुपारी मी तिच्या शेजारी डबा उघडला आणि सरळ विचारलं, "मावशी, मुठीत काय हाय?"

तिचा घास तोंडातच राहिला. मग तिनं ओच्यातून काढून दाखवली. अंगठ्याएवढी बाभळीची पाचर, एका बाजूला खाच, खाचेला पत्र्याचा तुकडा ठोकलेला. म्हणाली, "मेंढी कातरताना तिला दाबून धरावं लागत नाय. गुडघ्यात नीट बसवली की ती सोताच गप राहती. म्हटलं लोखंडाला पण तसंच बसवावं. पेच कशाला?"

"अगं माय! मग शेठला सांगायचं की! केवढं काम वाचतंय!"

"व्हय, सांगते ना. उद्या शेठ म्हणतील, दोघींना दुप्पट नग. मी करीन. आमची बाई कशी करंल?" तिनं नळाकडं बघितलं, जाऊबाई तिथं हात धूत होत्या. "आज तिचे नग मी भरते म्हणून ती हाय. तिला हे ठाव नाय. तिला वाटतं तिचेच हायेत. कळलं तर एक दिवस थांबायची नाय ती, लई मानी बाई. आन् घरी बसून खाणार काय? माझ्या पोरांच्या तोंडाकडं बघत?"

मी म्हटलं, "पण मावशी, ह्याचाच तर अभ्यास करतोय आम्ही. लोक नवीन काय करतात—"

तिनं मला मधेच तोडलं. "ताई, तुमचं काम एकला होतं. मग चारपर्यंत टपरीवर कशाला बसता?"

आता गं बया! समोरच्या शेडाच्या दारातून, येता-जाता, ती रोज बघत होती मला. माझी अशी जिरली, की विचारू नका. मी तिच्या हातावर हात ठेवून शपथ घेतली, की ही गोष्ट माझ्या तोंडून फुटणार नाही.

शपथ घेणं सोपं असतं. त्याच आठवड्यात मॅडमचा फोन आला. "तुझ्या भागातून एकही होकार नाही. असं कसं? तू नीट विचारतेस ना?" तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. वर दुसऱ्या दिवशी काही राहिलेली माहिती घ्यायला शेडात गेले, तर शेठ सहज बोलून गेले, "आमच्या बायांना कुठलं आलंय नवीन डोकं? सांगितलं तेवढं करतात, बस."

"तुमच्याच शेडात, शेठ—" मी उसळले, आणि शेठच्या खांद्यावरून मावशीचा चेहरा दिसला. पांढराफटक.

"शेडात काय?"

"शेडात... पंखा नाय," मी म्हटलं. "बायका उकडून मरतात."

शेठ खजील झाले. दोन दिवसांनी पंखा बसला. पण मी त्या दिवशी बाहेर येऊन चाचांच्या टपरीवर बसले, तेव्हा मला उमगलं. माझ्या रागापायी एका बाईचं काम गेलं असतं. आजही तो क्षण आठवला, की मला माझीच लाज वाटते.

मग खंडेनवमी आली. शेठनं आग्रहानं बोलावलं होतं. त्या दिवशी वाळूजमध्ये मशीन बंद असतात. सगळी धुऊनपुसून, हळदीकुंकू लावून, हार घालून मांडतात. ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा करायची, मग ते दोन टनांचं प्रेस असो नाहीतर कानस. एकही हत्यार पूजेवाचून ठेवायचं नाही. पण त्या वर्षी पावसानं झेंडू शेतातच कुजला होता, गुलमंडीत फुलांना हात लावायची सोय नव्हती. शेठनं मशीनला दोन दोन फुलं पुरवून आणली होती.

मी पोहोचले तर शटर अर्धं खाली. वाकून आत गेले आणि बघते तर काय, एरवी ज्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली भंगार आहे असं मला सांगितलं होतं, तिथली ताडपत्री घडी करून बाजूला ठेवलेली आणि खाली एक भलतंच ड्रिल. एका मोटारीवर दोन तोंडं, एका दाबात दोन भोकं. शेठ त्याला कुंकू लावत होते.

"हे कधी आणलं?"

"आणलं नाय, बनवलं," शेठ ओशाळून म्हणाले. "दोन वर्षं झाली."

"आणि मला 'नाय बा' लिहायला लावलं? शेठ, ताकाला जाऊन भांडं लपवायचं काय कारण होतं?"

"रागवू नका, ताई. कंपनीचा माणूस तपासायला येतो ना, त्याच्यासाठी झाकतो. त्याला कळलं की काम लवकर होतंय, तर तो म्हणणार, मग दर कमी करा. एकदा तोंड पोळलंय माझं. मी डोकं चालवायचं आणि कमाई त्यांनी न्यायची. झाकली मूठ सव्वा लाखाची." मग त्या मशीनकडं बघत म्हणाले, "पण आजच्या दिवशी ह्याला झाकून कसं ठेवू? पाप लागंल."

त्या क्षणी मला मावशी आठवली. मी मागच्या कोपऱ्याकडं बघितलं. तिच्या ड्रिलच्या चौथऱ्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, ती पाचर ठेवलेली. नंतर तिनं सांगितलं, दोन वर्षं ती झेंडूच्या ढिगाखाली ठेवायची. पूजाही व्हायची, दिसायचीही नाही. या वर्षी फुलंच दोन. झाकायला काही नव्हतं, आणि पूजेला न ठेवणं तिच्यानं होईना.

शेठ एकेक मशीन करत तिथं आले. कुंकवाचं बोट तसंच थांबलं.

"हे काय हाय?"

"पाचर," मावशी म्हणाली.

शेठ जुना टर्नर. त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी पाचर साच्यात सरकवली, एक ब्रॅकेट आत दाबला, बंद मशीनचा दांडा हातानं खाली ओढला. ड्रिलचं टोक बरोबर जागेवर आलं. दुसरा ब्रॅकेट, तिसरा, तसंच. त्यांचा चेहरा आधी खुलला, मग उतरला.

"किती दिवस झाले?"

"तीन वर्षं."

"मला का नाय सांगितलं?"

मावशी घाबरली होती, पण बोलली. "तुमी ती ताडपत्री कशाला झाकता, शेठ?"

शेठनं मान खाली घातली. मग त्यांच्या डोक्यात हिशेब सुरू झालेला मला दिसला. ही बाई इतक्या वेगानं करते, मग हिचे नग रोज ठरले तेवढेच कसे? "मग वरचे नग जायचे कुठं?"

मावशीनं डोळे मिटले. मला वाटलं, आता ही खोटं बोलेल, मी पण तिच्या खोट्याला साक्ष देईन, होईल ते होईल.

"माझ्या क्रेटात," मागून आवाज आला.

जाऊबाई. हातात आरतीचं ताट.

"बाई!" मावशी एकदम वळली. "तुमाला—"

"गप गं. डोळे गेले, बोटं नाय गेली माझी." जाऊबाईंनी ताट खाली ठेवलं. "हिच्या नगाच्या भोकाला बर नसती, शेठ. भोक सरळ पडतं, कड गुळगुळीत लागती. माझी कड कानशीनं घासली तरी करवतच. रोज चहानंतर माझ्या क्रेटात गुळगुळीत नग यायचे. मला कळायचं नाय व्हय?" मग जावेकडं वळल्या. "तीन वर्षं रोज वाटायचं, आज बोलून दाखवंल, उद्या बोलून दाखवंल. तू एकदा नाय बोललीस. मग मी पण गप बसले."

मावशी पदर तोंडाला लावून रडायला लागली. "तुमाला वाईट वाटंल म्हणून, बाई..."

"वाटलंच की. लई वाटलं. पण काम गेलं असतं तर कुठं तोंड दाखवलं असतं?" जाऊबाई शेठसमोर येऊन उभ्या राहिल्या. "हिचा दोष नाय. आता सांगा, दसरा झाल्यावर येऊ का नको येऊ?"

मी माझ्या आयुष्यात इतके प्रश्न विचारले, पण असा सरळ प्रश्न मला कधी विचारता आला नाही. शेठनं साच्यातून पाचर काढली आणि जाऊबाईंच्या हातात दिली. "बसवा."

जाऊबाईंनी बोटं फिरवून खाच शोधली. पाचर सरकवली. ब्रॅकेट दाबला, दांडा ओढला. टोक जागेवर. पुन्हा केलं. टोक जागेवर. त्या साच्याकडं वाकल्यासुद्धा नव्हत्या. मान ताठ, तोंड शटरकडं.

"ह्या पाचरीला नजरेची गरजच नाय," शेठ पुटपुटले. मग मावशीला म्हणाले, "अजून एक बनवायला किती दिवस लागतील?"

मावशीनं डोळे पुसले, नाक ओढलं आणि म्हणाली, "नग वाढवणार नसाल तर एक दिवस. वाढवणार असाल तर मला जमायचं नाय."

मला तर हसूच फुटलं. शेठही हसले. त्यांनी कुंकू लावलेल्या मशीनवर हात ठेवला. "दोघींना आज जेवढे हायेत तेवढेच. नग आधी झाले तर बसा, चहा प्या. आजच्या दिवशी खोटं बोलत नसतो मी." आणि त्यांनी नारळ फोडला.

निघताना मला हळूच म्हणाले, "ताई, तुमच्या फॉर्मात तेवढं नायच राहू द्या." मी राहू दिलं. पण संध्याकाळी मॅडमना फोन लावला. नाव नाही, गाव नाही, नुसती हकिगत सांगितली. टपरीवरच्या माझ्या दुपारीसुद्धा सांगून टाकल्या, म्हटलं लपवायचं तरी किती! वाटलं, संपली नोकरी. मग मॅडम म्हणाल्या, "आपण एक प्रश्न वाढवू. काम सोपं झाल्याचं तुम्ही सांगितलंत, तर तुमचं काय जाईल?" तो सत्ताविसावा प्रश्न. त्याला मात्र कोणी नाय म्हटलं नाही. लोक तासतास बोलले, माझी पेनं संपली.

दिवाळीच्या आधी मी शेडात डोकावले. दुपारची पाळी संपत आली होती. जाऊबाईंच्या मुठीत त्यांची स्वतःची पाचर होती, नवी, अजून पिवळट. शेवटचा नग कानशीवरून फिरवून त्यांनी अंगठ्यानं कड तपासली आणि क्रेटमध्ये टाकला. क्रेट भरला होता. मावशी सवयीनं उठली, उचलू लागायला पुढं झाली.

"ए!" जाऊबाई ओरडल्या. "माझ्या क्रेटला हात लावशील तर बघ!"

मावशी हात मागं घेऊन उभी राहिली. जाऊबाईंनी क्रेट कंबरेवर घेतला आणि भिंतीला चाचपडत, एकट्याच, शेठच्या टेबलापर्यंत नेला.